भोंगा वाजल्यावर कुठे जायचं, हे मराठीत कोण सांगणार?

प्रति,
ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस, मिझुरी आणि अलाबामा इथल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना

सप्रेम नमस्कार.

मी ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेला, मूर आणि नॉर्मन यांच्या मधल्या वस्तीत अकरा वर्षं राहते. आमच्या भागातल्या मंडळाची तितकीच वर्षं वर्गणीदार सभासद आहे. गणपतीत मोदक वळलेत, दिवाळी अंकांचं टेबल सांभाळलंय, नाटकाला विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलंय. मंडळाशी माझं भांडण नाही. हे पत्र खासगीतच राहावं अशी माझी इच्छा होती, आणि खासगीत मी दोनदा लिहिलंही. त्याचं उत्तर मला या जानेवारीतल्या वार्षिक सभेत मिळालं.

माझा ठराव साधा होता. वसंतातल्या कार्यक्रमांसाठी हॉल घेताना तिथे टोर्नेडोचं, म्हणजे ढगातून जमिनीवर उतरणाऱ्या गरगरत्या वादळापासून वाचवणारं, शेल्टर आहे का ते विचारावं, आणि पाडव्याच्या कार्यक्रमात पाच मिनिटं काढून शेल्टरची माहिती मराठीतून द्यावी. ठराव फेटाळला गेला. कारण दिलं गेलं की मंडळाचं काम सांस्कृतिक आहे, सुरक्षिततेचं काम शहराचं आहे, आणि सणाच्या दिवशी असलं बोललं की नवीन आलेली माणसं घाबरतात.

हे कारण मला मान्य नाही. का नाही, ते सगळ्या मंडळांना सांगायचं आहे, कारण बाकीच्या गावांतही असंच चाललंय हे मला मैत्रिणींकडून कळतं.

आधी माझ्या घरातली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मे महिना होता. सासूबाई औसा तालुक्यातून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मी कामावर, नवरा डॅलसला गेलेला, घरी त्या आणि माझी चार वर्षांची मुलगी. त्यांच्या फोनमध्ये भारतातलं सिम, तेही फक्त वायफायवर चालणारं. दर शनिवारी दुपारी बारा वाजता इथे सायरनची चाचणी होते. त्या आल्या त्या आठवड्यातच मी त्यांना सांगून ठेवलं होतं, 'शनिवारी बाराला भोंगा वाजतो, घाबरू नका.' त्यांना ते आवडलं होतं. त्या भोंग्यावर घड्याळ लावायच्या, गिरणीच्या भोंग्यावर लावायचे तसं.

तो दिवस शनिवार नव्हता. संध्याकाळी भोंगा वाजायला लागला आणि थांबेना. सासूबाईंनी नातीला उचललं, तीन जिने उतरल्या आणि उघड्या पार्किंगच्या मधोमध, इमारतीपासून, खांबांपासून लांब, मुलीला पोटाशी धरून बसल्या.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांनी माहेरची माणसं गमावली आहेत. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं त्यांच्या अंगावर आली. त्यानंतर कित्येक महिने त्यांच्या गावात कुणी छपराखाली झोपलं नाही. धोका आला की घराबाहेर पळायचं, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. नंतर मी रडून विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, 'घर अंगावर येतंय गं, मैदान येत नाही.'

त्यांना तळमजल्यावरच्या मेक्सिकन शेजाऱ्याने पाहिलं. गारा पडायला लागल्या होत्या. भाषा एकमेकांना कळत नव्हती. त्याने दोघींना अक्षरशः ओढून स्वतःच्या बाथरूममध्ये नेलं, टबमध्ये बसवलं आणि वर गादी टाकली. टोर्नेडो त्या दिवशी काही मैल दूरून गेला. त्या शेजाऱ्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण जे काम त्याने केलं ते माझं होतं. शनिवारचा भोंगा खोटा असतो एवढं मी त्यांना सांगितलं होतं. खरा भोंगा कोणता आणि तो वाजला की कुठे जायचं, हे सांगितलंच नव्हतं. कारण मलाही ते कुणी नीट सांगितलेलं नव्हतं.

आपण महाराष्ट्रातून येताना वादळाची एक कल्पना घेऊन येतो. कोकणातल्या माणसाला वादळ म्हणजे समुद्रावरून येणारं, आधी नाव ठेवलेलं, दोन-तीन दिवस बातम्यांत गाजलेलं वादळ. 3 जून 2020 ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा लोकांना आधीपासून हलवलं गेलं होतं. टोर्नेडोला नाव नसतं आणि दिवसही नसतात. वॉर्निंग, म्हणजे टोर्नेडो आल्याचा इशारा, मिळाल्यापासून हाताशी बहुतेकदा पंधरा मिनिटंही नसतात. मराठीत त्याला धड शब्द नाही. आपण कधी चक्रीवादळ म्हणतो, कधी वावटळ. आजीला 'वादळ येतंय' म्हटलं तर ती आधी बाल्कनीतले कपडे काढायला जाते. शब्द ऐकून हात ज्या कामाला लागतात ते कामच इथे चुकीचं ठरतं.

आता 'सुरक्षिततेचं काम शहराचं' याबद्दल. मूर हे गाव आपल्यातल्या कितीतरी जणांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. 3 मे 1999 ला तिथे एफ-5, म्हणजे सगळ्यात तीव्र दर्जाचा टोर्नेडो आला. 20 मे 2013 ला ईएफ-5, म्हणजे नव्या मोजणीतला तोच दर्जा, आला, रुंदी एका टप्प्यावर दीड किलोमीटरच्या वर, 24 माणसं गेली. त्यांतली सात मुलं प्लाझा टॉवर्स प्राथमिक शाळेतली. त्या शाळेत शेल्टर नव्हतं. नंतर बांधलेल्या नव्या इमारतीत आहे. एवढं सोसलेल्या गावातसुद्धा सार्वजनिक शेल्टर नाही. ओक्लाहोमा सिटीही चालवत नाही. मी सभेत हे सांगितलं तेव्हा निम्म्या लोकांना धक्का बसला. 'शहराने कुठेतरी ठेवलेलं असेलच' असं समजून आपण वर्षानुवर्षं राहतोय.

शहराची कारणं मी वाचली आहेत आणि ती सगळी टाकाऊ नाहीत. वॉर्निंगनंतर वेळ इतका कमी असतो की सार्वजनिक शेल्टरकडे गाडीने निघालेली माणसं रस्त्यातच सापडतील, त्यापेक्षा बऱ्यापैकी बांधलेल्या घरात, सगळ्यात खालच्या मजल्यावर, मधल्या बिनखिडकीच्या खोलीत राहणं बरं. 31 मे 2013 ला, म्हणजे मूरनंतर अकराच दिवसांनी, ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला एल रीनो गावाजवळ हे दिसलं. धास्तावलेले लोक गाड्या काढून निघाले, हायवे तुंबले. त्या टोर्नेडोत गेलेली आठही माणसं गाड्यांत होती. त्याच रात्री ओक्लाहोमा सिटीत काही कुटुंबं पावसाच्या पाण्याच्या मोठ्या नाल्यात आसऱ्याला उतरली आणि पुरात वाहून गेली. त्यांत ग्वाटेमालाहून आलेली कुटुंबं होती. जमिनीखाली जायचं एवढं त्यांना कळलं होतं. कोणत्या जमिनीखाली नाही जायचं, ते त्यांच्या भाषेत वेळेवर पोचलं नव्हतं. मला त्या बातमीनंतर कित्येक रात्री झोप आली नाही, कारण माझ्या सासूबाई पार्किंगमध्ये बसल्या त्यात आणि यात मला काहीच फरक दिसत नाही.

म्हणजे शहर म्हणतं तुमचा निवारा तुमच्या घरात आहे. हे ज्याचं स्वतःचं घर आहे त्याच्यासाठी ठीक. ज्याच्याकडे पैसे आहेत तो गॅरेजच्या फरशीखाली पोलादी शेल्टर बसवून घेतो. राज्याच्या सूनरसेफ या योजनेतून सेफ रूमसाठी, म्हणजे टोर्नेडोत टिकणाऱ्या पक्क्या खोलीसाठी, अनुदान मिळालं, पण सोडत काढून, आणि घरमालकालाच. इथल्या घरांना तळघरं क्वचितच असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला, नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला, पाहुण्या आजी-आजोबांना 'घरातच राहा' हे उत्तर पुरत नाही. या तिन्ही प्रकारच्या माणसांशी मराठीतून बोलणारी संस्था या भागात एकच आहे, ती म्हणजे तुम्ही.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी. मागच्या वसंतातल्या कार्यक्रमात शाळेच्या सभागृहात तीनेकशे माणसं होती. नाटकाचा दुसरा अंक चालू असताना सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले. टोर्नेडो वॉर्निंग. माइकवरून सांगण्यात आलं, 'मंडळी, घाबरू नका, बसून राहा, प्रयोग सुरू ठेवतोय.' आणि लोक बसून राहिले! मीही दोन मिनिटं बसले. त्या शाळेला शेल्टर होतं. पलीकडच्या इमारतीत होतं, दाराला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे असते हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. वादळ वळलं म्हणून आज हे पत्र तक्रारीचं आहे.

सभागृह, जिम, मोठा हॉल या टोर्नेडोत सगळ्यात वाईट जागा, कारण एवढं रुंद छप्पर मधे आधार नसताना तोललेलं असतं. 22 मे 2011 ला मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये टोर्नेडोत दीडशेहून जास्त माणसं गेली. पुढच्या चौकशीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, पहिल्या सायरनला बहुतेक माणसं हलली नाहीत. आणखी कुणीतरी खात्री देईल याची वाट बघत राहिली. आपल्या कार्यक्रमात ती खात्री देणारा माणूस म्हणजे ज्याच्या हातात माइक आहे तो. तीनशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत असतात. त्याने 'बसा' म्हटलं की आकाशातून आलेला इशारा रद्द होतो. सूत्रसंचालकाला मी दोष देत नाही, त्याला कुणी दुसरं काही सांगितलेलंच नव्हतं. ते सांगणं तुमचं काम होतं.

दुसरी तक्रार हॉल निवडण्याची. भाडं, पार्किंग, बाहेरचं जेवण चालतं का, स्टेजची रुंदी, हे सगळं तुम्ही विचारता. शेल्टरचं विचारत नाही. 2015 पासूनची आंतरराष्ट्रीय बांधकाम संहिता, टोर्नेडोचा वारा ताशी 250 मैल धरून बांधायच्या पट्ट्यात, नव्या शाळांना शेल्टर मागते, पण ती किती लागू करायची हे राज्यावर आणि शहरावर असतं. जुन्या इमारतींना ही सक्ती नाही. त्यामुळे एकाच गावात एका शाळेत ते असतं, दुसरीत नसतं. आणि 'शेल्टर' अशी पाटी लावली म्हणून कुठलीही खोली शेल्टर होत नाही. खऱ्या सेफ रूमच्या भिंती आणि दार तपासताना सुमारे सात किलोचा लाकडी वासा ताशी शंभर मैल वेगाने त्यांच्यावर सोडतात. तो आत घुसला नाही पाहिजे. माणशी जागाही ठरलेली असते, बसलेल्या किंवा उभ्या माणसाला किमान पाच चौरस फूट, व्हीलचेअरला दहा. आपले तीनशे लोक आत मावतील का, हा प्रश्न एका फोनने सुटतो.

तिसरी, पाहुण्या आई-वडिलांची. देशातला उन्हाळा चुकवायला ते एप्रिल ते जूनमध्ये येतात आणि टोर्नेडोचा ऐन हंगामही तोच. दुपारी घरी तेच असतात, बहुतेकदा नातवंडांबरोबर. वॉच आणि वॉर्निंग यांतला फरक त्यांना कुणी सांगत नाही. वॉच म्हणजे आज होऊ शकतं, बूट, औषधं, टॉर्च जवळ ठेवा, लेकाला फोन करा. वॉर्निंग म्हणजे आलंय, आत जा, आत्ता. एवढं आणि इतकंच मराठीत सांगायचं आहे. भारतातलं सिम असलेल्या फोनवर इशारा येईलच याचा भरवसा नाही. सायरनचाही घरात बसून धरता येत नाही, ते मुळात बाहेर असलेल्या माणसांसाठी असतात. 16 मे 2025 ला सेंट लुइसमध्ये टोर्नेडो शहरात शिरला आणि शहराने वाजवायचे ते सायरन वाजवलेच गेले नाहीत.

चौथी तक्रार विद्यार्थ्यांची. ही लिहिताना माझा हात जड होतो. आमच्या गॅरेजमध्ये आता सहा जणांचं शेल्टर आहे. गेल्या दोन वर्षांत तीनदा, वॉर्निंग लागल्यावर, मला आपल्या मुलांचे फोन आले. 'ताई, आम्ही चौघं आहोत, तुमच्याकडे येऊ का? पंधरा मिनिटांत पोचतो.' आणि मला प्रत्येक वेळी 'येऊ नका' म्हणावं लागलं. 'खालच्या मजल्यावर कुणाचंही दार वाजवा, बाथरूममध्ये बसा, डोक्यावर हेल्मेट नाहीतर गादी घ्या, पण गाडी काढू नका.' शेल्टर असलेल्या बाईने आपल्या गावच्या मुलांना येऊ नका म्हणायचं! ती मुलं दुपारी वॉच लागली तेव्हाच आली असती तर माझ्या घरी जेवून, गप्पा मारून बसली असती. त्यांना वॉच म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये तुम्ही त्यांचं स्वागत करता, भारतीय दुकानं कुठे आहेत, गाडी कशी घ्यायची ते सांगता. हेही सांगा.

'लोक घाबरतात' याचं उत्तर मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माहीत नव्हतं तेव्हा भ्याले होते, आता बाथरूम माहीत आहे. नंतरच्या भेटीत त्यांनी स्वतःची पिशवी भरून न्हाणीघराच्या दाराशी ठेवली होती. बूट, चष्मा, गोळ्या, पासपोर्ट आणि नातीचं सायकलचं हेल्मेट.

माझ्या मागण्या अशा आहेत.

फेब्रुवारी ते जून या काळातला कोणताही कार्यक्रम ठरवताना हॉलवाल्यांना लेखी विचारा, शेल्टर आहे का, किती माणसांचं, शनिवार-रविवारी उघडं असतं का, किल्ली कुणाकडे. शेल्टर नसेल तर खालच्या मजल्यावरच्या आतल्या बिनखिडकीच्या जागा आधी जाऊन बघा. दुसरा हॉल थोडा महाग पडत असेल तर वर्गणी वाढवा, मी पहिली देईन.

प्रत्येक कार्यक्रमात एका माणसाचं काम फक्त हवामानाकडे लक्ष ठेवण्याचं असावं. त्याच्याकडे हवामान खात्याचा रेडिओ असावा. वॉर्निंग आली की प्रयोग थांबतो, कोण पाहुणे आहेत, कोणता अंक चालू आहे हे न बघता. हा निर्णय त्या क्षणी कुणी घ्यायचा नाही, तो आजच घेऊन ठेवायचा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला दीपप्रज्वलनानंतर एका मिनिटात दारं आणि शेल्टरची वाट दाखवा.

एक पानाचं मोठ्या अक्षरातलं मराठी पत्रक काढा, फ्रिजवर लावता येईल असं, आणि तेच व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवा, कारण कितीतरी आजींना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं. त्यात ठळक लिहा की टोर्नेडोत बाहेर पळायचं नाही, आत जायचं. शनिवारी बाराची चाचणी आभाळ भरलेलं असेल तर करत नाहीत, म्हणून तशा शनिवारी भोंगा वाजला तर तोही खरा समजायचा, हेही लिहा. पुलाखाली थांबू नका आणि नाल्यात उतरू नका, हे तर लिहाच.

ज्यांच्या घरी शेल्टर आहे आणि ज्यांची तयारी आहे त्यांची यादी करा, आणि प्रत्येकाला जवळच्या दोन-चार विद्यार्थ्यांशी किंवा भाडेकरू कुटुंबांशी जोडून द्या. बोलावणं वॉचलाच जाईल, वॉर्निंगला नाही, हा नियम दोन्हीकडे पक्का करा. ज्यांचं शेल्टर आहे त्यांनी शहराकडे त्याची नोंद केली आहे का तेही विचारा, म्हणजे वरती ढिगारा पडला तर सुटका करणाऱ्यांना जागा सापडेल.

आणि शेवटची मागणी शहराकडची आहे, पण ती तुमच्याशिवाय मी करू शकत नाही. अपार्टमेंटच्या मालकांनी भाडेकरार करतानाच लेखी सांगावं की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने वॉर्निंगमध्ये कुठे जायचं, आणि त्यासाठी तळमजल्यावरची एक आतली खोली उघडी ठेवावी. नव्या शाळांची शेल्टर्स सुट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या वस्तीला कधी आणि कशी उघडतील हे शहराने जाहीर करावं. एकटीच्या अर्जाला पोच मिळते. मंडळाच्या लेटरहेडवर, शेजारच्या तेलुगू, गुजराती, तमिळ संघटनांच्या सह्यांसकट गेलेल्या अर्जावर बैठक मिळू शकते.

पत्रक लिहायला, त्याचा आवाज रेकॉर्ड करायला, हॉल बघून यायला मी तयार आहे. सासूबाईही म्हणाल्या आहेत की आजी-आजोबांना समजावायचं असेल तर मी बोलते.

पाडव्याच्या कार्यक्रमाचा हॉल अजून पक्का झालेला नाही असं कळतं. तो पक्का करण्याआधी मला उत्तर हवं आहे.

आपली,
ओक्लाहोमातली एक वर्गणीदार सभासद